जर्मनीचा दाखला देण्यापूर्वी

आठवड्याला सत्तर तास काम करा, असं नारायण मूर्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा नव्वदवर नेला आणि रविवारी घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही विचारून घेतलं. या दोघांच्या मधे, २०२४ मध्ये, पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली आणि कामाच्या ताणाला दोष देणारं तिच्या आईचं पत्र घरोघरी वाचलं गेलं. त्यानंतर उसळलेली चीड रास्तच होती. पण त्या चिडीतून आता जो सल्ला निघतोय, तो काही पचत नाही: दहा-बारा वर्षांची नोकरी जाळायला लागली की राजीनामा तोंडावर फेका, आयुष्य एकदाच मिळतं, जो फेकत नाही तो भित्रा. 'आमच्या वेळी तीस वर्षं एकाच खुर्चीवर काढली' म्हणणारे काका समोरच्या बाकावर आहेतच. आणि साक्षीला दोन्ही बाजू आम्हा जर्मनीत राहणाऱ्या मराठी माणसांनाच बोलावतात. जर्मनीत बघा, संध्याकाळचे पाच वाजले की माणूस कामावरून उठतो. जर्मनीत बघा, आता त्यांचा चान्सलरही जास्त काम करा म्हणतोय.

दोन्ही खरं आहे. चार दिवसांच्या आठवड्याने देशाची समृद्धी टिकणार नाही, असं चान्सलर मेर्त्स मे २०२५ मध्ये म्हणाले. सुप्रिया सुळेंनी डिसेंबर २०२५ मध्ये 'राइट टू डिस्कनेक्ट'चं, म्हणजे कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याच्या हक्काचं, खासगी विधेयक लोकसभेत पुन्हा मांडलं, तेव्हा 'जर्मनीसारखा कायदा हवा' असा गजर झाला. जर्मनीत या नावाचा कायदाच नाही! आहे ती कामाच्या दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती. रात्री अकराला शेवटचा मेल पाठवला तर सकाळी दहाच्या आत काम सुरू करता येत नाही, एवढंच. तेही सगळे पाळतात असं समजू नका.

पाच वाजता उठणाऱ्या माणसाबद्दल जे कुणी सांगत नाही ते असं, की तो थकला म्हणून राजीनामा देत नाही. राजीनामा महाग पडतो. स्वतःहून नोकरी सोडली की आर्बाइट्सआगेंटूर, म्हणजे सरकारी रोजगार कार्यालय, बारा आठवडे बेकारभत्ता अडवते. हा नुसता उशीर नसतो. भत्त्याच्या एकूण मुदतीतला किमान पाव हिस्सा कायमचा जातो. वर्षभराचा हक्क असेल तर तीन महिने गेले. कंपनीने गोड बोलून पुढे केलेल्या आउफहेबुंग्सफरट्रागवर (संमतीने नोकरी संपवण्याच्या करारावर) सही केली तरी बहुधा तेच. म्हणून इथला पिचलेला माणूस आधी हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे जातो.

डॉक्टर दोन आठवड्यांची क्रांकश्राइबुंग, म्हणजे आजारपणाची चिठ्ठी देतो. २०२३ पासून ती विमायंत्रणेतून मालकाकडे जाते आणि मालकाला त्यात मुख्यतः दोन तारखा दिसतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. काय झालंय ते दिसत नाही. आपल्याकडे बहुतेक एचआरना निदानासकट सर्टिफिकेट स्कॅन करून हवं असतं, आणि त्यावर 'ॲन्झायटी' असा शब्द असला की अप्रेझल येईपर्यंत तो शब्द मजलाभर फिरून आलेला असतो. माझ्या मते दोन देशांतला खरा फरक या दोन तारखांत आहे, पाच वाजण्यात नाही.

पहिले सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो. पुढे क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्यविमा संस्था, ढोबळ पगाराच्या ७० टक्के देते, मात्र निव्वळ पगाराच्या ९० टक्क्यांहून जास्त नाही. एकाच आजाराला तीन वर्षांत जास्तीत जास्त ७८ आठवडे, त्यात हे सहा धरलेले. घोळ होतो तो चिठ्ठ्यांच्या सांध्यावर. जुनी संपल्यावर पहिल्याच कामाच्या दिवशी नवी घ्यावी लागते. शुक्रवारी संपली आणि बुधवारी घेतली तर मधल्या दिवसांचे पैसे बुडाले. दुसरा घोळ निदानाचा. डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये मंजूर केलेल्या आयसीडी-११ या आजारांच्या जागतिक यादीत बर्नआउट ही कामाशी निगडित अवस्था आहे, आजार नाही. इथे चालणाऱ्या यादीत तो झेड ७३ या पुरवणी कोडात येतो. त्यामुळे लांबच्या रजेला मुख्य निदान नैराश्याचं किंवा ताणातून आलेल्या विकाराचं असावं लागतं.

बारा महिन्यांत आजारपण सहा आठवड्यांच्या वर गेलं की मालकाला बीईएमच्या, म्हणजे कामावर परतणं कसं जमवायचं ते ठरवण्याच्या, बैठकीचं निमंत्रण द्यावंच लागतं. ते नाकारता येतं. नाकारू नये, कारण कामातलं नेमकं काय त्रास देतंय हे कागदावर येण्याची ती एकमेव जागा असते. परतताना पहिले काही आठवडे दिवसाला दोन-चार तास, मग सहा, मग पूर्ण वेळ. तोवर माणूस कागदोपत्री आजारीच राहतो आणि पैसे क्रांकेनकासेचे. याखेरीज २०१९ पासून ब्र्युकेनटाइलत्साइट आहे. ४५ हून जास्त माणसांच्या कंपनीत, नोकरीला सहा महिने उलटले असतील तर, तीन महिने आधी मागून एक ते पाच वर्षं तास कमी करता येतात आणि मुदत संपली की जुने तास आपोआप परत मिळतात.

एवढं करूनही सोडायचंच ठरलं, तर वैद्यकीय सल्ल्याने नोकरी सोडत असल्याचा आगेंटूरचा फॉर्म डॉक्टरकडून राजीनाम्याच्या आधी भरून घ्यायचा. मालकाशी बोललात का, दुसरं काम मागितलंत का, हेही विचारलं जातं. उत्तरं पटली तर बारा आठवड्यांची शिक्षा टळते. आधी राजीनामा आणि मग डॉक्टर असा क्रम लावणारे फसतात. राजीनामा कागदावर आणि शाईच्या सहीने द्यायचा. ईमेलवरच्या राजीनाम्याची किंमत शून्य. नोकरी संपण्याच्या तीन महिने आधी आगेंटूरकडे नाव नोंदवायचं, आणि हातात तेवढे दिवस नसतील तर कळल्यापासून तीन दिवसांत. नाहीतर आणखी एक आठवडा जातो.

तेव्हा, 'जर्मनीत बघा, फेक राजीनामा' हे वाक्य जर्मनीत कुणी म्हणत नाही.

आता घरचं. आपल्याकडे काहीच नाही हेही खोटं आहे. २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्याला ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा निगम) वर्षाला ९१ दिवस ७० टक्के आजारभत्ता देते. टक्का जर्मनीतलाच. पण या माणसाला 'सोडून दे' असं कुणी सुचवत नाही. तो सल्ला महिना लाखभर मिळवणाऱ्याच्या वाट्याला येतो, ज्याला ईएसआयसी लागू नाही, ज्याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे आणि आई-वडिलांचा विमा कंपनीच्या पॉलिसीत आहे.

त्याने आधी नेमकं काय जाळतंय ते शोधावं. क्रिस्टिना मास्लाक आणि मायकल लायटर या अभ्यासकांनी सहा जागा दाखवल्यात: कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सहकारी, न्याय आणि मूल्यं. बोजा आणि सहकारी हे टीम बदलून पुष्कळदा सुटतात. ताबा आणि मोबदला वरिष्ठावर अवलंबून. अन्याय आणि मूल्यांचं भांडण त्याच कंपनीत मिटल्याचं क्वचित दिसतं, आणि नोकरी बदलण्याचं खरं कारण तेच. नुसत्या बोजाला कंटाळून सोडलेली नोकरी सहा महिन्यांत दुसऱ्या इमारतीत भेटते.

दुसरी तपासणी सलग रजेची. दोन-तीन आठवडे, लॅपटॉप घरी ठेवून. झोप आणि भूक परत आली आणि रुजू होण्याच्या आदल्या रात्री पुन्हा गेली, तर दोष कामात. रजेतही काहीच गोड लागत नसेल, माणसं नकोशी होत असतील, तर तो राजीनाम्याचा प्रश्नच नाही; आधी डॉक्टर. नैराश्यात घेतलेले मोठे निर्णय बरं झाल्यावर आपले वाटत नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतो. इथे ११६११७ या डॉक्टरांच्या वेळा मिळवून देणाऱ्या नंबरवर पहिल्या भेटीची वेळ मिळवली तरी पुढच्या नियमित थेरपीसाठी महिनोन्महिने थांबायचं आणि थेरपिस्ट मराठी समजणारा मिळण्याची आशा सोडायची. हे मात्र 'जर्मनीत बघा'मध्ये येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाचे आजार शरीराच्या आजारांसारखेच धरायला लावलंय. तरी बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात, समुपदेशनाची फी खिशातून जाते. महिन्याच्या हिशेबात ती धरा.

मग तारीख. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची सलग नोकरी लागते, आणि शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं तर पूर्ण धरतात. अकरा वर्षं पाच महिने झालेत आणि मूळ पगार ६०,००० आहे असं समजा. ६०,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला ३४,६१५. आज निघालात तर अकरा वर्षांचे ३,८०,७६९. दीड-दोन महिन्यांनी निघालात तर बारांचे ४,१५,३८५. नव्वद दिवसांची नोटीस असेल तर आज दिलेला राजीनामाही ती रेषा ओलांडतो, पण कंपनीने लवकर मोकळं केलं तर ओलांडत नाही. म्हणून शेवटचा दिवस लेखी घ्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहितांनी वेतनाची व्याख्या बदललीय, तेव्हा हिशेब कोणत्या आकड्यावर धरणार हेही एचआरला आधीच विचारा. पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो, आणि पेन्शनसाठी एकूण दहा वर्षं भरावी लागतात.

नोटिशीचे नव्वद दिवस सगळ्यांत वाईट जातात, कारण तीन माणसांचं काम आता एका उत्सुक मुलाला शिकवायचं असतं आणि मॅनेजरचा चेहरा रोज बघायचा असतो. उरलेली रजा नोटिशीत वळती होते का, पैसे भरून नोटीस कमी होते का, हे राजीनाम्याआधी विचारावं. दिल्यावर सौदा करायला हातात काही उरत नाही. (इथे कायद्याने चार आठवडे पुरतात असं आम्ही ऐटीत सांगतो. करारात तीन महिने असणं इथेही सर्रास आहे, ते सांगत नाही.)

आमच्याबद्दल न सांगितलेलं आणखीही आहे. वर लिहिलेली सगळी सोय पासपोर्ट बघत नाही; निवासाचा परवाना मात्र सगळं बघतो. वर्षाला ५५,००० युरोवाल्याने तास ८० टक्क्यांवर आणले की पगार ४४,००० होतो, आणि ब्लू कार्डाची (शिकलेल्या परदेशी नोकरदाराच्या परवान्याची) २०२५ ची सर्वसाधारण पगारमर्यादा ४८,३०० होती. आयटीवाल्यांना कमी मर्यादा लागते म्हणून त्या वर्षी ते काठावर वाचत होते. नोकरी संपणार हे कळल्यापासून दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवायचं, आणि मग साधारण तीन ते सहा महिन्यांत नवी शोधायची. जर्मन भाषेची बी-वन परीक्षा पास असेल तर २१ महिन्यांनी कायमचा परवाना मिळतो, ए-वनवर २७. इथे किती मराठी माणसं जर्मनच्या प्रेमापोटी व्याकरण घोटतात आणि किती निर्धास्तपणे थकता यावं म्हणून, हे विचारू नये. आजारपणाची चिठ्ठी घ्यायला सगळ्यांत जास्त कचरतो तो आपलाच माणूस. पाच वाजता उठतो, आणि रात्री नवाला जेवण आटोपून लॅपटॉप पुन्हा उघडतो. मूर्तींचे सत्तर तास आम्ही सामानातून बरोबर आणले. दाखला द्यायचाच तर हाही द्यावा.

'थकलास तर परत ये' हा घरचा तिसरा सल्ला. त्याचंही गणित आहे: जर्मन पेन्शनची वर्गणी ६० महिन्यांहून कमी भरली असेल तर भारतात परतून २४ महिने झाल्यावर ती मागता येते, तीही फक्त स्वतःच्या हिश्शाची. साठ झाले की परतावा विसरायचा आणि म्हातारपणी इथलं पेन्शन घ्यायचं. अठ्ठावन्नाव्या महिन्यात इथली माणसं काय काय बोलतात ते ऐकण्यासारखं असतं. परत जायचं की नाही यावर वर्षानुवर्षं न झालेली चर्चा त्या दोन महिन्यांत होते.

खरी टोचणी वेगळी आहे. परदेशी गेलेल्यांच्या कितीतरी घरांत आई-वडील मागे राहिलेल्या बहिणीच्या किंवा भावाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत असतात. ती थकते, आणि आपण इथून व्हिडिओ कॉलवर म्हणतो, सोडून दे गं, एवढं काय. तिच्या शेवटच्या दिवशी बाबांचं विमासंरक्षण संपतं आणि नव्या पॉलिसीत त्यांच्या मधुमेहाला ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. हे तिला माहीत असतं, म्हणून ती गप्प बसते, आणि आपण तिला भित्री समजतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि आधी काढलेला प्रतीक्षाकाळ धरला जातो, पण अर्ज शेवटच्या दिवसाआधी करायला हवा आणि प्रीमियम बऱ्यापैकी वाढतो. तो प्रीमियम इथून भरता येतो. धैर्यावर बोलायचं असेल तर आधी तो भरावा, आणि तिने नोटीस देण्याच्या निदान दोन महिने आधी पॉलिसी बाबांच्या नावावर झालेली असावी.