चौदाव्या मिनिटाला वर का आलो: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंडोनेशियातल्या कॅसल रॉक या पाण्याखालच्या सुळक्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तीनशेहून जास्त डाइव्ह केलेला माणूस एवढ्या पोटतिडकीने लिहितो, तेव्हा नुसतं 'धन्यवाद' म्हणून मोकळं होणं मला पटेना. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इतर वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगते. मासे ऐन रंगात आलेले असताना आम्ही चौदाव्या मिनिटाला डाइव्ह सोडली ती निव्वळ घाबरून, आणि वर त्यावर लेख लिहून मी नव्या डायव्हर्सना उगाच धास्तावते, हा मुख्य आक्षेप. शिवाय अशा सुळक्यावर पाणी थांबलेलं असतानाच उतरायचं असतं, करंटमध्ये नेणारा गाइडच चुकला. पाणी खाली ओढायला लागलं तर बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) हवा भरायची आणि वर यायचं, त्यात एवढं काय? आणि 'हाताला लागेल ते धरा' हे माझं वाक्य प्रवाळाच्या जिवावर उठणारं आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचं अगदी बरोबर आहे. ते वाक्य मी लिहायला नको होतं. काही प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात आणि एका घाईच्या मुठीत मोडतात. धरणाऱ्याच्या दृष्टीनेही तो सल्ला वाईटच. विषारी काट्यांचा स्कॉर्पियनफिश दगडासारखाच दिसतो आणि फायर कोरलला हात लागला की भाजल्यासारखी आग होते. लेखात मी दुरुस्ती केली आहे: आधी बघा, मेलेला उघडा खडक शोधा, दोन बोटांची पकड पुरते. जिथे रीफ हुक (करंटमध्ये जागेवर राहायला खडकात अडकवायचा दोरीचा आकडा) वापरायला परवानगी आहे तिथे तोही मेलेल्या खडकातच अडकवायचा. पण खरोखर खाली ओढल्या जाणाऱ्या माणसाने आधी जीव वाचवावा. त्या क्षणी त्याने काय धरलं याचा हिशोब मी त्याच्याकडे मागणार नाही.

आता करंटबद्दल. कॅसल रॉक कोमोडो राष्ट्रीय उद्यानाच्या उत्तर भागात, गिली लावा लाउत बेटाजवळ आहे. सुळका पूर्ण पाण्याखाली, माथा पृष्ठभागापासून साधारण चार-पाच मीटरवर. वाहत्या ओढ्यात मोठा धोंडा असावा तसा तो आहे. पाणी समोरच्या अंगावर आदळून दुभंगतं, दोन्ही कडांवरून वेगाने निसटतं, काही माथ्यावरून पलीकडे जातं आणि मागे खाली कोसळतं. समोरच्या अंगाला येणाऱ्या पाण्याबरोबर सतत प्लँक्टन येतं. ते खायला फ्युजिलियर आणि अँथियस तिथे दाटी करतात, त्यांना खायला ट्रेव्हली येतात, आणि शार्कही तिथेच घिरट्या घालतात. म्हणजे तुम्ही ज्याला 'मासे ऐन रंगात' म्हणता तो रंग करंटनेच भरलेला असतो.

पाणी थांबलेला कॅसल रॉकही मी पाहिला आहे. त्या डाइव्हनंतर सहा दिवसांनी, अष्टमीच्या सुमारास, भांगाचं पाणी असताना आम्ही परत गेलो. अठ्ठेचाळीस मिनिटं आरामात फिरलो. समुद्री पंखे करंटला आडवे वाढतात, म्हणून पाणी स्थिर असतानाही ते कुठल्या बाजूने येतं हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. मऊ प्रवाळ मात्र मिटून, लोंबून पडलं होतं आणि ट्रेव्हली एकही नव्हता. ती डाइव्ह मला आवडली, पण दोन्ही दिवशी मी एकच जागा पाहिली असं म्हणवत नाही.

त्यामुळे 'पाणी थांबलेलं असतानाच' हा नियम मला मान्य नाही. हलका करंट गाठायचा असतो, आणि तो गाठणं अवघड आहे. अशा अरुंद वाटांमध्ये पाणी थांबण्याची वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यातल्या वेळेशी जुळतेच असं नाही. आमचा गाइड बोटीवरून वीस मिनिटं पाणी बघत होता, मग स्वतः आधी उतरून तपासून आला. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस होता, उधाण होतं, पाणी त्याच्या अंदाजाआधी वाढलं. याला मी गाइडची चूक म्हणणार नाही. पाणी वाढल्याचं दिसूनही त्याने आम्हाला पुढे रेटलं असतं, तर ती चूक झाली असती.

आता चौदा मिनिटांचं. लेखात मी हे घाईने उरकलं होतं, ते इथे नीट सांगते.

आम्ही बीसीडी रिकामं करूनच उडी मारली आणि सरळ खाली गेलो. अठरा मीटरवर समोरच्या अंगाला पोहोचलो तेव्हाच मांड्या भरून आल्या होत्या. नवव्या मिनिटाला सिलिंडरमधल्या हवेचा दाब दाखवणारा गेज पाहिला. २०० बारचे १२० झाले होते. माझ्या बडीकडे, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराकडे, १४०. मी त्याला खूण केली आणि आम्ही एका खडकाच्या आडोशाला सरकलो. तिथे पाणी जवळजवळ शांत होतं. नाकासमोर हातभर अंतरावर एका फटीत नारिंगी अँथियसचा पुंजका होता. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला, शेपट्या थरथरताहेत, आणि तरी एकही जागचा हलत नाही. मी श्वास सोडला आणि माझे बुडबुडे वर गेले नाहीत. ते खडकाला चिकटून आडवे घरंगळले, कडेपाशी पोहोचले आणि कडेवरून खाली गेले. खाली जाणारे बुडबुडे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

आडोशात थांबूनही माझा श्वास जागेवर येईना. याला मी भीती म्हणत नाही, आणि का ते सांगते. वेग दुप्पट करायचा तर पाण्याचा विरोध चौपट होतो आणि लागणारी ताकद आठपट. खोलवर हवा दाट होते, ती आत-बाहेर करायलाच जास्त कष्ट पडतात. दमलेला माणूस मग उथळ, भराभर श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड नीट बाहेर पडत नाही, आणि तो साचला की आणखी हवा हवीशी वाटते. तोंडातला रेग्युलेटर सिलिंडरमधून व्यवस्थित हवा देत असतो आणि छातीला मात्र वाटतं की हवा येतच नाहीये. घबराटीची सुरुवात इथून होते. ती सुरू व्हायच्या आत थांबणं एवढंच माणसाच्या हातात असतं.

हवेचं गणितही मांडते. बारा लिटरचा सिलिंडर, २०० बार, त्यातले ५० राखीव. वापरायला उरले १५० बार, म्हणजे १८०० लिटर. पृष्ठभागावर शांतपणे मिनिटाला २० लिटर लागत असतील तर २० मीटरवर, तिप्पट दाबाखाली, ६० लागतात. म्हणजे तीस मिनिटं. झटापटीत श्वास दुप्पट झाला की पंधरा. त्यातही वर येण्याची हवा अजून धरलेली नाही. चौदाव्या मिनिटाला माझ्याकडे ९० बार होते आणि श्वास अजून उतरलेला नव्हता. मी अंगठा वर केला, म्हणजे 'डाइव्ह संपली, वर चला'. बडीने क्षणभरही न थांबता अंगठा वर केला. कुणीही, कधीही, कारण न देता अंगठा दाखवू शकतो आणि दुसऱ्याने तो मानायचा, हे आमचं बोटीवरच ठरलं होतं. सुळका सोडून निळ्यात, म्हणजे मोकळ्या पाण्यात, वाहत वर आलो, बोटीला दिसावा म्हणून मार्कर बोया (पृष्ठभागावर तरंगणारी खुणेची नळी) सोडला, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो. बोटीवर चढताना माझ्याकडे ६५ बार होते.

आणखी दहा मिनिटं राहिले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. पण त्या दहा मिनिटांत बडीचा हात सुटला असता, तर त्याच्याकडे जायला माझ्याकडे हवा नव्हती. हा हिशोब डोक्यात स्पष्ट असताना तिथे मासे बघत राहणं मला जमलं नसतं.

बीसीडीच्या मुद्द्यावर मात्र मला तुमच्याशी ठामपणे असहमत व्हायचं आहे. खाली ओढणाऱ्या पाण्यात थोडी हवा भरावी लागते, हे मान्य. पण 'हवा भरायची आणि वर यायचं' एवढ्यावर सांगणं संपवलं तर ते घातक आहे. असं पाणी बहुतेक वेळा सुळक्याच्या अंगालगत, पट्ट्यापट्ट्याने असतं. पट्ट्यातून बाहेर पडलात की ओढ एकदम संपते आणि भरलेली हवा तशीच राहते. वीस मीटरवर भरलेले सहा लिटर दहा मीटरवर नऊ होतात आणि पृष्ठभागावर अठरा. मिनिटाला नऊ मीटरची चढण्याची मर्यादा तेव्हा कुठल्या कुठे राहते. त्यात श्वास रोखला गेला तर फुप्फुसं फाटू शकतात. म्हणून आधी सुळक्यापासून दूर, आडवं, निळ्याकडे पोहायचं किंवा खडकाच्या आडोशाला जायचं. हवा भरायचीच तर दुसरा हात हवा सोडायच्या दोरीवर ठेवायचा. बीसीडी पूर्ण भरणं आणि वजनं टाकणं हे अगदी शेवटचे उपाय. आणि त्याही आधी, मासे बघायचे. करंटमध्ये मासा पाणी जिकडून येतं तिकडे तोंड करून राहतो. कड्यालगतच्या थव्याने तोंडं वर केलेली दिसली तर पाणी वरून खाली येतंय.

नव्यांना मी धास्तावते, असं तुम्ही म्हणता. जून २००८ मध्ये याच कोमोडोच्या पाण्यात पाच युरोपीय डायव्हर बोटीपासून दूर वाहून गेले. कित्येक तास वाहत ते रिंचा बेटाच्या किनाऱ्याला लागले, कोमोडो ड्रॅगनला दगड मारून दूर ठेवत राहिले आणि दोन दिवसांनी सापडले. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या डायव्हरला सांगते. सांगून झाल्यावर त्याच्याकडून मार्कर बोया पाण्यात तीनदा सोडवून घेते. घाबरून कुणी परत गेलेलं मला आठवत नाही. बोया घरी ठेवून येणारे मात्र कमी झालेत.

एक विनंती आहे. तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघांनी 'हे लक्षात ठेवतो, सर' असं लिहिलंय, आणि ते दोघेही बीसीडीच्या ओळीबद्दल बोलताहेत. एकाने तर पहिला कोर्स आत्ताच संपवल्याचं सांगितलंय. माझं उत्तर ते वाचतील की नाही, कोण जाणे. तुमचं नक्की वाचतील. ती ओळ तुम्ही स्वतः दुरुस्त करावी असं मला वाटतं. माझ्या चौदा मिनिटांबद्दलचं तुमचं मत आहे तसं राहू द्या.