‘वेन’ म्हणजे नुसता गर्विष्ठ नव्हे

एका लेखात इंग्रजी ‘वेन’ (vain) या शब्दाचा अर्थ ‘गर्विष्ठ’ एवढाच दिला आहे, तो अपुरा वाटला. गर्विष्ठासाठी इंग्रजीत ‘प्राउड’ आहेच की. ‘वेन’ आला लॅटिन ‘वानुस’वरून, आणि वानुस म्हणजे रिकामा, पोकळ. इंग्रजीत साधारण १३०० च्या सुमारास तो आला तेव्हाही अर्थ ‘निरुपयोगी, फोल’ असाच होता. स्वतःवर खूश असलेला माणूस त्यात बराच नंतर शिरला. म्हणून तर ‘इन वेन’ म्हणजे आजही ‘व्यर्थ’. गंमत म्हणजे भाषाशास्त्रज्ञ आपला संस्कृत ‘ऊन’ (म्हणजे कमी) याच मुळाशी नेतात. म्हणजे आपलं उणं, उणीव ही ‘वेन’ची आणि त्याच्याच घरातल्या ‘व्हॅनिटी’ची (मिजाशीची) लांबची भावंडं! (सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅनमधली ‘व्हॅनिटी’सुद्धा तीच.)

आमच्याकडे वेंगुर्ल्याला हा अर्थ शब्दकोशाशिवाय कळतो. आजी नारळ घेताना आधी तो तळहातावर तोलायची, मग कानाशी नेऊन हलवायची. वरून चांगला टपोरा, पण हातात हलका, पाण्याचा आवाज नाही, की लगेच बाजूला. गावात कोणी मुंबईहून येऊन फार मिजास दाखवायला लागला की त्यालाही तोच न्याय, ‘हलवून बघ, पाणी वाजतंय का!’ मराठीत ‘वेन’ला एकच शब्द द्यायचा झाला तर मी ‘गर्विष्ठ’ऐवजी ‘पोकळ डौलाचा’ म्हणेन. दोन शब्द झाले खरे, पण ‘बडा घर, पोकळ वासा’ म्हणणाऱ्यांना ते चालायला हरकत नसावी.