सत्तावन्न ठोके

जुन्या घड्याळांचं दालन सांभाळणाऱ्याला पणजीत दोन प्रश्न चुकत नाहीत. पहिला, "बाब, हें चलता?" आणि चालत असलं तर दुसरा, "मग वेळ चुकीची कशी?"

दुसऱ्यात सर्वांत जास्त बोलणी खातं ते अंगणातलं सूर्यघड्याळ. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पणजी ७३.८ वर. अंशाला ४ मिनिटं धरली तर आमचा सूर्य ३५ मिनिटं मागे. शिवाय फेब्रुवारीच्या मध्याला तो आणखी १४ मिनिटं रेंगाळतो आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं घाई करतो. हे सगळं फलकावर लिहिलंय. लोक फलक सोडून मोबाईल बघतात आणि सूर्याला नापास करतात. (लिस्बनसाठी घडवलेलं असेल तर मात्र खरंच नापास: तिथल्या शंकूची, म्हणजे सावली पाडणाऱ्या पट्टीची, कड ३८.७ अंशांची, इथे १५.५ हवी.)

लंबकवाल्यांचा मानपान वेगळा. पेटी जराशी कलली की टिक-टॉक लंगडतं आणि थोड्या वेळात बंद. इथे पाणसळीचा उपयोग नाही. कान लावायचा आणि दोन्ही ठोके सारख्या अंतराने येईपर्यंत पायाखाली पाचर सरकवायची. तेवढ्यात मागून सल्ला येतो, "थोडं खोबरेल सोडा." नको! तेल खास घड्याळाचंच, तेही फक्त आसांच्या टोकांना, सुईच्या अग्रावर मावेल इतकं. दात्यांना तेल लागलं की धूळ चिकटते, पितळेत रुतते आणि पोलादालाच कानशीसारखी घासते. पावसाळ्यात पोलादाला कोरडी हवा हवी, लाकडी पेटी फार कोरड्याने तडकते. या जोडप्यामध्ये सिलिका जेलची पुडी मध्यस्थ; तीही जुलैत गुलाबी होऊन हात टेकते.

खरी परीक्षा मंगळवारी. सोमवारी सुट्टी. तीस तास चालणाऱ्या घड्याळाला रविवारी संध्याकाळी पाचला चावी दिली, तर ते सोमवारी रात्री अकराला थांबतं. सकाळी साडेनवाला वेळ लावायची, पण ठोके देणाऱ्या घड्याळाचे काटे मागे फिरवायचे नाहीत. पुढे नेताना प्रत्येक तासाला थांबून सगळे ठोके वाजू द्यायचे, नाहीतर ठोके मोजणाऱ्या खाचांच्या चाकाचा हिशेब चुकतो आणि तीन वाजता आठ पडतात. म्हणजे आधी बारा, मग एक, दोन, असं नऊपर्यंत: एकूण ५७. अर्ध्या तासाचे वेगळे.

चाळिसाव्या ठोक्याच्या आसपास दारातून एक आजी डोकावतात.

"लग्न कोणाचें रे?"