4 इंची ग्राइंडरला 7 इंची डिस्क? मुळीच लावू नका

नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरीकडच्या फॅब्रिकेशनवाल्या पोट्ट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर "डिस्कवाले तुम्हाला कसे लुटतात" असा एक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्याने तो वाचला आणि कूलर स्टँडचे अँगल कापायच्या ग्राइंडरचं गार्ड, म्हणजे डिस्कभोवतीचं झाकण, काढून ठेवलं. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज म्हणतो, "गार्ड काढा, बुश (भोकात बसवायची रिंग) टाकून 7 इंची डिस्क बसवा, खोल कापते." भाऊ, आधी लेबल तर वाचा! 7 इंची डिस्कवर कमाल वेग 8,500 आरपीएम (मिनिटाला फेरे) छापलेला असतो, शेजारी कडेचा कमाल वेग, 80 मीटर प्रति सेकंद. 4 इंची मशीन रिकामी फिरते ती साधारण 11,000 ने. 180 मिलिमीटरची डिस्क त्या वेगाने फिरवली की तिची कड सेकंदाला 103 मीटरच्या वर जाते, म्हणजे ताशी 370 किलोमीटर. डिस्क फाडणारा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, तो होतो सुमारे 1.7 पट.

"आमची तर नाही फुटली," असं कुणीतरी म्हणेलच. ईएन 12413 हे युरोपीय मानक फुटण्याचा वेग छापील वेगापेक्षा बराच वर ठेवायला लावतं, म्हणून नाही फुटली. ती राखीव ताकद अँगलच्या खाचेत डिस्क चिमटली, मशीन तिरपी झाली, तर त्या वेळेसाठी असते. तिचा काही भाग तुम्ही मशीन चालू करतानाच खर्च करता. मग तुकडा सुटतो तो डिस्कच्या रेषेत, आणि त्या रेषेत कापणाऱ्याची मान असते. चष्म्याने मान वाचत नाही. गार्ड त्याच तुकड्यासाठी आहे.

"एक्सपायरी ही विक्रीची युक्ती." नाही. मधल्या धातूच्या रिंगवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं, साधारण बनवल्यापासून 3 वर्षांचं. डिस्कमधले कापणारे कण रेझिनने (एक प्रकारची राळ) बांधलेले असतात आणि ओल लागली की रेझिन कमजोर होतं. पावसाळाभर गळक्या टिनाच्या शेडमध्ये पडलेली डिस्क तारखेच्या आतही फेकावी लागू शकते.

"एकच डिस्क सगळ्याला चालते." यात अर्धं खरं आहे, मान्य करतो. एसएसची (स्टेनलेस स्टीलची) डिस्क एमएसला (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाला) खुशाल चालते. उलटं करू नका. एसएसच्या डिस्कमध्ये लोह, गंधक, क्लोरीन जवळपास नसतं. साधी लावली तर कापलेल्या कडेवर पुढे गंज उमटू शकतो. ॲल्युमिनियम तर साध्या डिस्कच्या कणांत भरून बसतं. मग ती कापत नाही, नुसती तापते.

"कापून झालं की त्याच डिस्कच्या बाजूने घासून घ्या." 1 मिलिमीटरची डिस्क बाजूचा दाब सोसायला बनवलेलीच नाही. घासायला 6 मिलिमीटरची ग्राइंडिंग डिस्क किंवा फ्लॅप डिस्क (सँडपेपरच्या पट्ट्यांची) घ्या.

ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी त्याच ग्रुपवर 8,500 आणि 11,000 हे दोन आकडे आजच टाका.