‘घरी कोणी नाही’ असं बेलिफाला सांगा

पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टाचा बेलिफ दारात आला, की पहिलं काम म्हणजे समन्सवर सही न करणं. सही नाही म्हणजे दावा नाही, हा सिद्धांत पेठेतल्या कुठल्याही कट्ट्यावर फुकट मिळतो. पोस्टानं आलेलं पाकीटही नाकारा. पोस्टमन ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारेल, बेलिफ प्रत दाराला चिकटवून साक्षीदारांची नावं लिहून घेईल आणि कोर्ट बजावणी झाली असं धरेल. तुम्ही दारावरचा कागद फाडून टाका. मिटला प्रश्न.

मग तारखेला जाऊ नका. कोर्ट सापडलं नाही, ही सबब मात्र आता चालायची नाही. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथंच भेटतात. रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या कामाच्या नोंदीत) ‘प्रतिवादी गैरहजर, दावा एकतर्फी चालवावा’ असं आलं, तरी अजून हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा अंतिम निकाल, झालेला नसतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 9 नियम 7 खाली सबळ कारण दाखवून तो आदेश फिरवता येतो, फार तर थोडा खर्च भरावा लागतो. तो फिरला नाही, तरी आहे त्या टप्प्यापासून कामात भाग घेता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं 1955 मध्येच सांगून ठेवलंय. पण एवढ्या स्वस्तात सुटायचं, तर आपण पुणेकर कसले?

हुकूमनामा होऊ द्या. मग त्याच ऑर्डरचा नियम 13, म्हणजे एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज. इथं कारणं दोनच: समन्स रीतसर बजावलं नव्हतं, किंवा हजर न राहण्याला पुरेसं कारण होतं. तुम्ही दोन्ही ठोका. ‘समन्स मिळालंच नाही, आणि त्या तारखेला मला कावीळ झाली होती.’ तारीखच ठाऊक नव्हती, तर कावीळ नेमकी कुठल्या तारखेला आडवी आली, असं उलटतपासात विचारतील. रुमाल जवळ ठेवा. दाखला ओळखीच्या डॉक्टरांचा घ्या. ते साक्षीला उभे राहतील की नाही, हे मात्र विचारू नका.

खरी गंमत मुदतीत आहे. हुकूमनाम्यापासून 30 दिवस. समन्स रीतसर बजावलं नसेल, तर तो कळल्यापासून 30. कधी कळलं, कोणाकडून कळलं, हे अर्जात लिहायचंच नाही. ‘नुकतेच समजले’ एवढं मोघम पुरे. दरखास्तीची, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची, नोटीस तुम्ही सही करून घेतलीत ती तारीख रेकॉर्डवर असते, पण रेकॉर्ड वाचतंय कोण? त्यात आधी हुकूमनाम्याच्या नकलेचा अर्ज करून निवांत बसा. अपिलात नकलेला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात. या अर्जाला ती सवलत नाही, हे कळेपर्यंत महिना उलटलेला असतो. मग मुदत कायद्याच्या कलम 5 खाली विलंब माफीचा अर्ज, आणि त्यातही दिवसांचा हिशोब नको, ‘अपरिहार्य कारणास्तव’ लिहा.

बजावणीतली खोट सापडली, तर तिलाच कवटाळा. समन्स सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती दिलं, कायद्याला घरातलं सज्ञान माणूस लागतं: मुद्दा बिनतोड! फक्त नियम 13 चं परंतुक, म्हणजे त्याला जोडलेली अट, वाचू नका. तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर व्हायला पुरेसा वेळ होता, असं दिसलं, तर नुसत्या अनियमिततेवर हुकूमनामा रद्द होत नाही. आणि ‘20 तारखेला कोर्टात बघतोच तुला’ हा व्हॉट्सॲप मेसेज वादीनं जपून ठेवलेला असतो.

सोबत जिल्हा न्यायालयात अपीलही करा. दोन्ही एकाच वेळी दाखल करता येतात. पण अपील गुणावगुणावर निकाली निघालं, की नियम 13 चा अर्ज चालत नाही. तेव्हा तुम्ही अपीलच आधी रेटा.

स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, नुसत्या नियम 13 च्या अर्जानं दरखास्त थांबत नाही, असं वकीलसाहेब म्हणतील. ते फीसाठी बोलतात, असं समजा. जागेच्या ताब्याचा हुकूमनामा असेल, तर पुन्हा बेलिफच येईल. या वेळी घरी कोणी नसलं तरी त्याचं अडत नाही. कुलूप काढण्याची तरतूद कायद्यातच आहे.