वडिलोपार्जित वाडा कसा पाडावा

जुन्या नाशकात, तिवंध्याला किंवा सराफ बाजारामागच्या एखाद्या बोळात, आपल्या नावावर वडिलोपार्जित वाड्याचा आठवा हिस्सा निघाला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. तो पाडण्यासाठी आपल्याला काहीही करावे लागणार नाही. किंबहुना काहीही न करणे हीच त्याची शास्त्रोक्त पद्धत आहे.

थोडा इतिहास मात्र पाठ करून ठेवावा, कारण सहीच्या दिवशी तो गहिवरून सांगावा लागतो. १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, पुण्याला राजधानीचा थाट चढला, आणि सरदार, सावकार, कारभारी अशा साऱ्यांनाच आपापले चौक आणि दिंडी दरवाजे हवेसे वाटू लागले. ही हौस गोदाकाठीही आली. पुण्यात ज्यांचे बिनसे, त्यांना नाशिकची हवा विशेष मानवत असे: माधवराव पेशव्यांच्या मातोश्री गोपिकाबाई गंगापूरला येऊन राहिल्या, तर राघोबादादांच्या आनंदीबाईंच्या नावाने आनंदवल्ली वसली. सराफ बाजारातला सरकारवाडा अजून उभा आहे. त्याच्याकडे बोट दाखवून आपण ‘आमचाही अस्साच होता’ असे म्हणू शकता, फक्त ‘होता’ म्हणण्याची सवय आधीपासून लावून घ्यावी.

आता मूळ अडचण. वाड्याचा भार भिंतींवर नसतो, सागवानी खांबांवर आणि तुळयांवर असतो. भिंत खचली तरी सांगाडा ढळत नाही. जुन्या सुतारांचा हा आडमुठेपणा आपल्याला नडणार आहे. त्यावर उतारा एकच, शाकारणी टाळणे. चार कौले सरकली की पाणी तुळईच्या टोकाशी मुरते, पांढऱ्या मातीची भिंत फुगते, आणि मग पिंपळ आपणहून मदतीला येतो. तो उपटू नये. पिंपळ तोडणे पाप आहे, असे म्हटल्यावर ज्या चुलतभावाशी वीस वर्षे बोलणे नाही तोही मान डोलावतो.

भाडेकरू असल्यास दुधात साखर. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून टाकली, त्यामुळे दुरुस्ती मालकाने करावी असे भाडेकरू म्हणतो, भाडे वाढवा असे मालक म्हणतो, आणि हे बोलणे आटोपण्याआधीच मृग लागतो. महापालिकेची धोकादायक घराची नोटीस दारावर लागली की तिचा फोटो काढून सर्व हिस्सेदारांना पाठवावा. आमच्याकडे सत्यनारायणाच्या आमंत्रणाला इतकी तत्पर उत्तरे कधी आली नव्हती.

लाकूड शेवटी विकावे, पण भावनेच्या भरात कमी दराने विकू नये. नव्या इमारतीला वाड्याचेच नाव द्यावे आणि प्रवेशद्वारावर फायबरची महिरप बसवावी. हल्ली तयार मिळते, धुताही येते.

आमच्या माजघराचा खांब परवा गंगापूर रस्त्यावरच्या एका मिसळीच्या हॉटेलात भेटला. पान लावून झाले की आजी बोटावरचा चुना त्यालाच पुसत असे, आणि नव्या पॉलिशखालूनही ती पांढरी बोटे कमरेच्या उंचीवर दिसत होती. मी त्याला टेकूनच मिसळ खाल्ली. बिलात सवलत मागितली नाही. आठव्या हिश्शाने असे कितीसे पैसे सुटले असते?