काहून आळशी करता बे इम्पोर्ट?

काल रात्री पावणेबाराला फोन. महिनाअखेरचा रिपोर्ट निघत नाही. आमचा पायथनमधला सर्व्हर सकाळपासून हिरवागार, हेल्थ चेक पास. दिवसभरात पहिल्यांदा कोणीतरी एक्सेलचं बटण दाबलं, आपला एक्स्पोर्टर उघडला, तर म्हणे ओपनपायएक्सेल नावाचं मॉड्यूलच, म्हणजे एक्सेल फाइल बनवणारा तयार कोडच नाही! अबे, नाही तर सकाळी दहाला सांग ना, डिप्लॉय करतानाच, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवतानाच. तेव्हा मी आयटी पार्कात तर्री-पोहे खात उभा होतो, पळत गेलो असतो.

टीममधल्या एका हुशारानं मेटा-पाथच्या, म्हणजे पायथन मॉड्यूल शोधायला जी यादी वापरतं तिच्या डोक्यावर स्वतःचा फाइंडर बसवलाय. जे मॉड्यूल इम्पोर्ट कराल, म्हणजे आपल्या कोडमध्ये आणाल, ते लेझीलोडरमध्ये गुंडाळायचं, कोणी हात लावला की मगच उघडायचं. कशासाठी? सुरू व्हायला दीड सेकंद वाचतो म्हणून. आठवड्यातून एकदा सुरू होणाऱ्या सर्व्हरचा दीड सेकंद! ट्रेसबॅक, म्हणजे एरर कुठून आली त्याचा माग, सुरू होतो अशा ओळीवरून, जिथं इम्पोर्टचा 'इ'सुद्धा नाही. डीबगरमध्ये आत डोकावलं तर डोकावण्यानंच ते लोड होतं. आणि पायथनच्या डॉक्युमेंटेशनात धडधडीत लिहिलंय राजेहो, स्टार्टअपचा वेळ कळीचा नसेल तर हे वापरूच नका, एरर उशिरा आणि भलत्याच ठिकाणी येतील. वाचतं कोण!

हाच माणूस. मागच्या वर्षी पॅकेजच्या इनिट फाइलमध्ये गेट-अ‍ॅट्र (नाव मागितलं की मगच ते आणून देणारं फंक्शन) लिहून सगळी नावं डिक्शनरीत स्ट्रिंग करून कोंबली. पायथन 3.7 पासून चालतं, म्हणून काय करायलाच पाहिजे? तेव्हापासून एडिटरला एक नाव सुचत नाही. विचारलं तर 'करून राह्यलो ना भाऊ'. आमचा इंटरनेटवालाही 'येऊन राह्यलो' म्हणतो. तोही लेझीलोडरच.

सगळीकडे आपोआप आळस करणारं पेप 690 (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) तर 2022 मध्येच नाकारलं होतं. पायथन 3.15 साठी मंजूर झालेल्या पेप 810 मध्ये निदान ओळीवर 'लेझी' असं तोंडानं लिहावं लागतं, आणि फुटलं तर इम्पोर्टची जागाही दिसते. पण त्यातही कोणतं इम्पोर्ट आळशी ठेवायचं ते ठरवणारा स्वतःचा फिल्टर लावायची सोय आहे. आमच्या हुशाराला अजून कळलेलं नाही. कोणी सांगू नका.

दीडला लॅपटॉप मिटला. पारा दिवसा 43 होता, खोली भट्टी. म्हटलं, कूलर लावू. आई मार्चपासून म्हणत होती, एकदा चालवून पाहून घे. मी म्हणायचो, लागेल तेव्हा पाहू. बटण दाबलं. पंप जाम. ताट्यांत उंदरांचा संसार.

रात्री दीड वाजता पंप कुठं मिळतो?